शिंप्याने कापलेली बैठक

मित्रांनो, आधी बसा. कुणी उभ्या उभ्या माझी हकिगत ऐकलेली मला खपत नाही. मी एक जुनी बैठक आहे, खिडकीतली. दोन कपाटांच्या मधल्या जागेत, खिडकीखाली माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात रजया असतात, पाठीवर गादी असते आणि पुढच्या फळीवर खडूची एक पुसट रेघ आहे. ती रेघ कुणी पुसायला लागलं की माझं डोकं फिरतं. का, ते ऐका.

आधी मी एका शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचं टेबल होते. कितीतरी शर्ट आणि शाळेचे गणवेश माझ्या पाठीवर कापले गेले. मग माझा एक पाय मोडला आणि शिंप्याने मला भिंतीला टेकवून ठेवलं. 'उद्या बघू' असं तो रोज म्हणायचा. शिंप्याचा उद्या कसा असतो, हे कपडे शिवायला टाकणाऱ्या कुणालाही विचारा.

शिंप्याचे वडील पोस्टमन होते. जन्मभर पायी हिंडलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही सकाळची एक फेरी मारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. पण एकदा ते जिन्यात पडले, गुडघ्यांनी संप पुकारला आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. दुकान तळमजल्यावर होतं, पण घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीशी खुर्ची ओढली तर बसून नुसतं आभाळ दिसायचं, आणि उभं राहणं त्यांना झेपत नव्हतं. हळूहळू ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. बोलणं कमी झालं, मग जेवणही. घरात सगळे जिला बटण म्हणत ती नात शाळेतून आली की आजोबांना हाका मारायची, आणि आजोबा नुसतं 'हं' म्हणायचे.

खिडकीत बसायला जागा करू, असं सुनेने सुचवलं. सुताराकडे कामांची रांग होती. तेव्हा शिंपी छाती फुगवून म्हणाला, की रोज कापड कापतो, लाकूड काय जड आहे? बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की भिंतीला टेकल्या टेकल्या मलाही हसू आवरेना. पण त्याच संध्याकाळी माझ्या फळ्या सुट्या करून वर नेल्या गेल्या.

दोन कपाटांमधली लांबी सुताराकडून मागून आणलेल्या पोलादी टेपने मोजली. उंचीसाठी मात्र शिंप्याने आपल्या गळ्यातलीच टेप काढली. आजोबांना खुर्चीवर बसवलं आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं.

"पँट शिवतोयस का?" आजोबांनी विचारलं. "आता मला कुठे जायचंय?"

मान खाली घालून शिंप्याने माझ्या पुढच्या फळीवर त्या मापाची रेघ आखली.

आता गंमत ऐका. शिंपी कधीच रेघेवर कापत नाही. शिवणीसाठी रेघेबाहेर थोडी माया ठेवून कापतो. हाताला लागलेली सवय ती, लाकूड बघून थोडीच थांबणार! करवतही रेघ सोडून वरूनच गेली, चांगली दोन इंच. बाकीच्या फळ्या या फळीवर ठेवूनच कापल्या, त्यामुळे चूक सगळीकडे सारखी झाली आणि कुणाच्या लक्षातच आली नाही. बायको स्क्रू पिळत होती (तिचे सरळ जायचे, त्याचे तिरके), बटण पॉलिशपेपर घासून भुशाने पांढरी झाली होती. गादी कोणत्या कापडाची करायची यावर नवरा-बायकोचं वाजलं. जिंकली बायकोच. त्या चार भिंतींत किती दिवसांनी एवढा गोंगाट झाला होता! मला तर नव्याने जन्माला येताना बारसं झाल्यासारखंच वाटत होतं.

मग दोघांनी धरून आजोबांना माझ्यावर बसवलं. आणि त्यांचे पाय लोंबकळायला लागले.

शिंप्याचा चेहरा पडला. त्याने फळीवरची रेघ पाहिली, कपाळावर हात मारला आणि करवत उचलली. आजोबांनी हात वर केला.

"थांब. कोपऱ्यावरची पत्रपेटी दिसतेय."

ते मान पुढे काढून पाहतच राहिले. रेघेइतकी बुटकी असते, तर मी त्यांना समोरचं छप्पर तेवढं दाखवलं असतं. एवढ्यात बटण त्यांच्या शेजारी चढून बसली. तिचेही पाय अधांतरी होते. तिने आधी आपले पाय पाहिले, मग त्यांचे, आणि आजोबा हसले. असे हसले की मी खालून गदगद हलले.

"राहू दे ते दोन इंच," ते शिंप्याला म्हणाले. "मुलांच्या कपड्यांना ठेवतोसच ना, वाढत्या अंगाचे?"

उरलेल्या फळीचं एक बुटकं स्टूल त्यांच्या पायांखाली आलं आणि आजोबा पुन्हा नोकरीवर रुजू झाले. नवा पोस्टमन घरं शोधत फिरायचा. आजोबा वरून त्याला पिवळ्या दाराचं घर मागच्या बाजूने आहे वगैरे सांगायचे. पुढे पुढे तो आधी आमच्या खिडकीखाली येऊन वर पाहायचा आणि मगच पत्रं वाटायला निघायचा. आजोबांना भूक लागायला लागली. सून त्यांचं ताट खिडकीतच आणून द्यायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस होते.

पुष्कळ वर्षं ते माझ्यावर बसले. मग एका थंडीत गेले. त्यानंतर माझ्यावर बसणं सगळ्यांच्याच जिवावर येई. बटण शिकायला दूर गेली. आधी एक गाठोडं आलं, मग इस्त्रीचे कपडे, मग ओले टॉवेल. माझी फळी फुगली. मला बाहेरचं काही दिसेना. त्याहून वाईट वाटे ते घरातलं कुणी मला बघेना याचं.

मागच्या महिन्यात बटण परत आली. आल्या आल्या तिने गाठोडी उचलून खाली ठेवली, गादीला ऊन दाखवलं आणि धपकन माझ्यावर बसली. मग तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"बाबा, इकडे या."

शिंपी आला. आता त्याचेही केस पिकलेत. तिचे दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकले होते. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, गळ्यातली टेप काढली आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. ते रेघेच्या वर गेलं आणि थेट माझ्या काठापाशी येऊन थांबलं. शिंप्याने रेघेवरून हळूच बोट फिरवलं, पुसली मात्र नाही. डोळे पुसत हसत राहिला.

तेव्हा मित्रांनो, माझ्यावर ओले टॉवेल टाकू नका, गाठोड्यांना जागा दुसरीकडे बघा. मी बसण्यासाठी आहे. स्टूल अजून इथेच आहे. पाय पोचत नसतील तर त्यावर ठेवा. आणि काळजी करू नका, पोचतील.