‘पाहिला’ म्हणण्याआधी

“ताई, तुला पगार किती मिळायचा?”

मित्रांनो, हा प्रश्न आमच्या छोटीने भर वर्गात स्वतःच्या बहिणीला विचारला. मैत्रिणींनीच तिला भरीस घातलं होतं. “एवढी शहाणी झालीस ना? मग विचारून दाखव सगळ्यांसमोर!” असं कुणी म्हटलं की हल्ली छोटीला बाकावर बसवत नाही. मागच्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज बाकाखाली जायचा, ती आता हात वर करून थेट उभीच राहते.

कोण कसलं काम करतं, हे मुलांना कळावं म्हणून शाळेने ताईला बोलावलं होतं. ताई सेफ्टी ऑफिसर, सध्या नोकरी सोडून घरी असली तरी. कामावर आलेला माणूस जसा आला तसा धडधाकट घरी जावा, हे बघणं तिचं काम. प्रश्न ऐकून वर्ग खिदळला. बाईंनी डोळे वटारले. ताई मात्र एकदम गप्प झाली. टेबलावर मी पडलो होतो, माझ्यावर तिने हात ठेवला आणि म्हणाली, “सांगते.” तेवढ्यात घंटा झाली.

तिचं उत्तर राहून गेलं. ते मी देतो.

मी एक जुना सेफ्टी बेल्ट आहे. उंचावर काम करणारी माणसं अंगात घालतात तो. खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती जाणारे माझे नारिंगी पट्टे, पाठीवर जाड लोखंडी कडी, कडीतून निघालेली दोरी आणि दोरीच्या टोकाला हूक. असा मी होतो. आता माझे पट्टे कात्रीने कापलेले आहेत. ते कसं झालं, तेही सांगतो. पण सगळं पहिल्यापासून सांगू द्या. म्हाताऱ्या वस्तूंना मधूनच सुरू करता येत नाही.

एका कारखान्यात, शिवणयंत्रांच्या खडखडाटात माझा जन्म झाला. मला शिवणाऱ्या बाईंचं लक्ष टाक्यावर आणि तोंड शेजारणीकडे असायचं. तरी टाका कधी चुकला नाही. “हा कुणाचा तरी जीव धरणार आहे गं,” असं म्हणून त्या प्रत्येक शिवण ओढून बघायच्या. आम्ही भावंडं तयार झाल्यावर आमच्यातल्या एकाला उचलून नेलं, त्याला वजन अडकवलं आणि उंचावरून सोडलं. त्याने ते झेललं. शाबासकी मिळेल असं आम्हाला वाटलं होतं. मिळाली कात्री. आमच्यात नियमच आहे तसा. ज्या बेल्टसकट एकदा पडणं झालं, तो वरून कितीही धड दिसो, पुन्हा कुणाच्या अंगावर चढत नाही. चुकूनही कुणी घालू नये म्हणून त्याचे पट्टे कापून टाकतात. माझा भाऊ कापला गेला आणि त्याच्या जिवावर आम्ही बाकीचे पास झालो.

मग मी ताईच्या हाती आलो. जुन्या कारखान्यांची छपरं बदलून देणारी एक कंपनी होती. तिथे ताईची पहिलीच नोकरी. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, “पगाराची अपेक्षा काय?” आणि ताईने मान खाली घालून सांगितलं होतं, “तुम्ही द्याल तो.” हे मला कसं कळलं? जेवणाच्या सुट्टीत ताई मला खांद्यावर टाकून जिन्यात बसायची आणि घरी फोन करायची. पलीकडून आईचा आवाज माझ्यापर्यंत यायचा.

“अगं, भाजीवालीसुद्धा आधी भाव सांगते! तू एवढी शिकलेली, आणि ‘तुम्ही द्याल तो’?”

“आई, पहिली नोकरी आहे. काम तर शिकू दे.”

“शीक बाई, शीक. पण लाज भाव सांगायची नसते, कमी तोलायची असते.”

ताई हसायची. पण फोन ठेवल्यावर माझी दोरी बोटाभोवती गुंडाळत बराच वेळ बसून राहायची.

त्या छपरांवर एक पत्रे बसवणारा होता. सगळे त्याला खारूदादा म्हणत. खार झाडावर पळते तसा तो छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैचीवरून पळायचा. पहिल्या दिवशी ताईने मला घालून दाखवलं, हूक कुठे आणि कसा अडकवायचा ते सांगितलं. खारूदादा मागून म्हणाला, “मॅडम, खारीला कधी दोरी बांधलेली पाहिलीय का?” सगळे हसले. ताईसुद्धा हसली. म्हणाली, “नाही पाहिली. पण पडलेली खार पाहिलीय. उतरा खाली.”

आणि त्याला खरंच खाली उतरवलं! त्या दिवशी तो दिवसभर तोंड फुगवून खालीच पत्रे मोजत बसला.

मग ताईने एक रीत पाडली. वर चढलेल्या माणसाने पाऊल टाकण्याआधी हूक छपरावर ताणून बांधलेल्या तारेला अडकवायचा आणि ओरडायचं, “लागला!” खाली उभ्या असलेल्याने मान वर करून, हूक स्वतःच्या डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं, “पाहिला!” ते उत्तर आल्याशिवाय पाऊल पुढे नाही. आधी सगळ्यांना गंमत वाटली. मग अंगवळणी पडलं. छपराखाली दिवसभर घुमायचं, “लागला!” “पाहिला!” “लागला!” “पाहिला!” येणारे-जाणारे थांबून बघायचे, इथे काय कबड्डी चाललीय की काय!

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. रोज सकाळी ताई मला उजेडात धरायची, एकेक टाका बोटाने चाचपायची, कडी फिरवून बघायची. तुमच्याकडे कुणी असं रोज, मन लावून बघितलं ना, की झिजायचंही काही वाटत नाही.

त्या सगळ्या काळात एकही माणूस पडला नाही. आणि गंमत बघा, तेच ताईच्या मुळावर आलं. पगारवाढीची वेळ आली तेव्हा ती मला खांद्यावर घेऊनच साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, पण खुर्चीत बसल्यावर त्याला छप्पर दिसत नसे.

“वाढ? कशाबद्दल? तू वर्षभर केलंस तरी काय? इथे तर काही घडलंच नाही!”

“सर, काही घडलं नाही, हेच तर...”

“अगं, मग घडत नाही तर खर्च तरी कशाला वाढवायचा?”

ताई मला खांद्यावर सावरून बाहेर पडली. ज्यांचं काम नीट झालं की काहीच दिसत नाही, त्यांनी पगार कसा मागावा? पत्रे बसवणारा पत्रे दाखवतो. न पडलेला माणूस कुणाला कसा दाखवणार?

पुढे दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने तिला बोलावलं. पगार जवळजवळ दुप्पट. तिने तिच्या जुन्या सरांना फोन लावला, ज्यांनी तिला हे काम शिकवलं त्यांना. सर म्हणाले, “जा. पगारासाठी जागा बदलण्यात पाप नाही. पण आधी त्यांना एक गोष्ट विचार. ‘काम थांबवा’ असं तू म्हणालीस तर थांबेल का? की आधी उत्पादनाच्या साहेबाला विचारायला लागेल? पगारपत्रकाइतकंच हे बघ.”

ताईने विचारलं नाही. बाबांचं गुडघ्याचं दुखणं, छोटीचं शिक्षण, आणि ‘वर्षभर केलंस तरी काय?’ हे एक वाक्य. त्या वाक्यानेच तिला बाहेर ढकललं, असं मला वाटतं.

जायच्या दिवशी ताईने मला शेवटचं चाचपलं. मी कंपनीचा, तिचा थोडाच होतो! खारूदादा पुढे आला. “मॅडमचा बेल्ट मी घेणार. कुणी हात लावायचा नाही.”

“दादा, हूक लावाल ना?”

“तुमची शपथ, पोरी.” मॅडम आणि पोरी एकाच वाक्यात! सगळे पुन्हा हसले. ते हसणं मी त्या छपराखाली शेवटचं ऐकलं.

ताईच्या जागी नवीन कुणी आलंच नाही. “एवीतेवी काही घडत नाही,” साहेब म्हणाले, आणि ती जागा रिकामीच ठेवली. तेवढाच एक पगार वाचला. सकाळी मला उजेडात धरणारं कुणी उरलं नाही. ओरडणं मात्र चालू राहिलं. “लागला!” “पाहिला!” नुसता नाद. वरचा हूक हातात घेता घेताच ओरडायचा आणि खालचा पत्रा कापता कापता, मान खाली ठेवूनच उत्तर द्यायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, सगळं कसं शिस्तीत चाललंय!

त्या दुपारी खारूदादा एका तारेवरून दुसऱ्या तारेकडे सरकत होता. हूक त्याच्या मुठीत होता. तो ओरडला, “लागला!” खालून आलं, “पाहिला!” कुणी पाहिला नव्हता. खारूदादाने पाऊल टाकलं. उजेड आत यावा म्हणून छपरात मधेमधे पातळ, पारदर्शक पत्रे असतात. वर्षानुवर्षांच्या धुळीने ते बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसतात. पायाखालचा तसाच एक पत्रा कचकन तुटला.

मी त्याच्या अंगाला घट्ट होतो, मित्रांनो. माझा एकही टाका उसवला नाही. पण मी तारेला धरलेलं नव्हतं, म्हणून मीही त्याच्याबरोबर पडलो.

खारूदादा वाचला. पण कमरेखाली त्याला काही कळत नाही. आता तो दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसलेला असतो.

ताईला कळलं तशी ती धावत त्याच्या घरी आली. त्याच्या कामाच्या सामानाबरोबर कोपऱ्यात गाठोडं होऊन पडलेला मी तिला दिसलो. दादाची बायको दारातच उभी होती. ती ताईला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, “तुम्ही होतात तेव्हा हे रोज चिडून घरी यायचे. ‘त्या पोरीने आज परत खाली उतरवलं,’ म्हणायचे. मी म्हणायचे, किती बोलते ती तुम्हाला! आता कुणी खाली उतरवत नव्हतं. हे खुशीत घरी यायचे. मला कळायला हवं होतं.”

ताई खाली मान घालून रडू लागली. तेव्हा खिडकीशी बसलेला दादा म्हणाला, “रडतेस कशाला? तू गेलीस म्हणून नाही पडलो. तुझी जागा रिकामी ठेवली म्हणून पडलो. आणि ती ठेवता आली, कारण तू स्वस्तात मिळाली होतीस. स्वस्तातलं माणूस गेलं तर कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. पुढच्या वेळी भाव नीट सांग, पोरी.” मग थोडं थांबून, “आणि ही खार आता दोरीशिवायच बांधलीय बघ,” असं म्हणून तो हसला. त्या हसण्याला कुणी साथ दिली नाही.

नियमाप्रमाणे मला कात्री लागली. ती ताईनेच लावली. एकेक पट्टा कापला. मग तुकडे टाकून न देता तिने मला घरी आणलं.

नवीन कंपनीतही ताईचं मन लागेना. तिथे तिला काचेची केबिन होती, पण काम थांबवायचा हक्क नव्हता. धोका दिसला तर ‘कळवायचा’, आणि उत्तराची वाट बघायची. सरांनी ‘विचार’ म्हणून सांगितलेला प्रश्न तिने आधी विचारला नव्हता, त्याचं उत्तर आता रोज मिळत होतं. तिने ती नोकरी सोडली. आता ती घरी बसून बँकेच्या परीक्षेची पुस्तकं उघडते आणि त्याच पानावर थांबते. मधे एका कंपनीचा फोन येऊन गेला. सेफ्टी ऑफिसर हवाय, काम थांबवायचा हक्क तुमचा, अपेक्षित पगार तेवढा कळवा. आठवडा होत आला, ताईने काही कळवलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, वर्गात ती गप्प झाली. पगार किती, हा प्रश्न चुकीचा नव्हता. तो साहेबांसमोर तिला स्वतःला विचारता आला नाही, एवढंच तिला आठवलं.

माझं मागणं फार नाही. तुमच्यासाठी कुणी शिवलेल्या, तपासलेल्या, सांभाळलेल्या वस्तूकडे रोज एकदा नीट बघा. आणि ती बघणाऱ्या माणसाकडेही बघा. काही घडत नाही, तेव्हा तर नक्की बघा. ‘पाहिला’ म्हणण्याआधी मान वर करायला फार वेळ लागत नाही हो.

शाळा सुटल्यावर छोटीच मला घरी घेऊन आली. छातीशी धरून, वाटेत एकही शब्द न बोलता. छोटी आणि गप्प! मीच घाबरलो. घरी बाबा मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. आई कपड्यांच्या घड्या करत होती. ताई त्याच पानावर होती.

“आई, बाबा, मला काहीतरी सांगायचंय.”

“हं, बोल,” बाबा म्हणाले.

“बोल ना, ऐकतेय मी,” आई घडीकडे बघतच म्हणाली.

छोटीने मला टेबलावर ठेवलं. माझी कडी टेबलावर खणकन वाजली.

“असं नाही. आधी मान वर करा. दोघांनी. माझ्याकडे बघा.”

बाबांनी मोबाइल खाली ठेवला. आईच्या हातातली घडी तशीच राहिली. ताईनेही पुस्तकातून डोकं वर काढलं. छोटीचा आवाज जरासा कापला, पण या वेळी तो बाकाखाली गेला नाही.

“मी सेफ्टी ऑफिसर होणार आहे. ताईच मला शिकवणार आहे, म्हणून तिने ती पुस्तकं मिटायची आणि आज त्या कंपनीला पगाराचा आकडा कळवायचा. आईला विचारून कळवायचा, म्हणजे कमी होणार नाही. आणि आई, नको म्हणू नकोस. मी विचारत नाहीये. सांगतेय.”