डाव्या खांद्याखाली

छकुलीने चपला काढल्या, केस एका बाजूला घेतले आणि डोळे मिटून नव्या गादीवर अंग टाकलं. कारखान्यातला सगळा आवाज एकदम थांबला. मावशींनी शिलाई मशीनच्या पायडलवरचा पाय उचलला, धाकट्याने कापूस पिंजायचं यंत्र बंद केलं. हवेत उडालेला कापूस मात्र थांबला नाही. उंच खिडकीतून आलेल्या उन्हात तो सावकाश तरंगत राहिला. त्यातला एक तंतू तिच्या पापणीवर येऊन बसला, पण तिने तो पुसला नाही.

गादी तपासायची इथली रीतच अशी होती. शेवटचा टाका पडला, दोरा तोडला, की कुणीतरी तिच्यावर पडून बघायचं आणि तोंडातून एकच शब्द काढायचा. गादी बरी असली तर ‘जाऊ दे’, नसली तर ‘उसव’. का, कसं, कुठे, असली चौकशी करायची नाही. ‘उसव’ आलं की मुकाट्याने कात्री घ्यायची. आणि ज्याने गादी भरली त्याने तिच्यावर पडायचं नाही. आपल्या हातची गादी आपल्याला मऊच लागणार, मग तपासणार काय, असं आप्पा म्हणत.

आप्पा म्हणजे कारखान्याचे मालक आणि धाकट्याचे वडील. मालक म्हटलं तरी इथली प्रत्येक गादी ते स्वतः भरत. पडून बघायचं काम मात्र वर्षभरापासून छकुलीकडे आलं होतं, आणि ते कसं आलं हे मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला तिखटमीठ लावून सांगत.

छकुली गावातल्या मोठ्या हॉटेलवाल्यांची मुलगी. भावांच्या पाठीवर आलेली एकटीच मुलगी, त्यामुळे सव्वीस वर्षांची झाली तरी छकुलीच. तिच्या अंथरुणाची घडी तिने कधी घातली नव्हती. घालायची असते हेही तिला बऱ्याच उशिरा कळलं. तिने इथली गादी पुन्हा पुन्हा परत पाठवली, आणि शेवटी स्वतःच भांडायला आली. आप्पा भांडले नाहीत. ‘पड इथे आणि सांग,’ म्हणाले. ती पडली आणि सांगत गेली. आप्पा उसवत गेले. संध्याकाळी ते कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, ‘पोरीची जीभ फटकळ आहे, पण पाठ खरी आहे.’ दुसऱ्या दिवशी ती परत आली. मग येतच राहिली. यायला पाठीचं निमित्त होतं, राहायला धाकट्याचं. धाकटा आपला कापसाने पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून बघायचा आणि हसायचा. लाजाळू होता, पण मुका नव्हता. लग्नाचं आप्पांच्या कानावर घालायचं एवढंच राहिलं होतं.

आता, डोळे मिटून पडल्यापडल्या, तिला डाव्या खांद्याखाली गुठळी लागली.

लिंबाएवढी असेल. गुठळीभोवती कापूस विरळ होता, म्हणजे गुठळी एकटीच वर आली होती. पूर्वी आप्पांच्या हातून असं व्हायचं नाही. गेल्या महिन्यात मात्र दोनदा झालं होतं, आणि दोन्ही वेळा छकुलीने ‘उसव’ म्हटलं होतं. खिडकी उघडा म्हणावं इतक्या सहज. दुसऱ्या वेळी आप्पा उसवता उसवता कुणाकडेही न बघता म्हणाले होते, ‘आणखी एकदा उसव आलं ना, की दाभण खाली ठेवीन.’

आज सकाळी धाकट्याने तिला दारातच गाठलं होतं.

“त्यांच्या बोटांना काही लागतच नाही गं हल्ली. चहाचा पेला गरम आहे की गार, हेही कळत नाही त्यांना. कुणाला सांगत नाहीत.”

“मग?”

“मग आज गादी कशीही असो, ‘जाऊ दे’ म्हण. ते घरी बसले तर खचतील. माझ्यासाठी एवढं कर.”

छकुलीने डोळे उघडले. समोर आप्पा उभे होते. हातात दाभण होता आणि अंगठा एकेका बोटाच्या टोकावरून फिरत होता, जणू ती बोटं झोपली आहेत आणि त्यांना हलवून उठवायचं आहे. तिला एकदम रडू यायला लागलं.

“जाऊ दे,” ती म्हणाली.

“नक्की?”

आप्पांनी असं कधी विचारलं नव्हतं. मावशींनी मान वर करून पाहिलं.

“नक्की, आप्पा.”

आप्पांनी दाभण खोबणीत ठेवला, चष्मा पुसला आणि ते जेवायला आणि दुपारची डुलकी काढायला घरी गेले. धाकट्याने यंत्राच्या आडोशाला तिचा हात घट्ट धरला.

“पहिल्यांदा माझं ऐकलंस,” तो म्हणाला, आणि उशांचा ढीग हातगाडीवर घालून खुशीत पोचवायला निघून गेला.

छकुली खिडकीखाली बसून राहिली. गादी मध्यभागी पसरलेली होती, निळ्या पट्ट्यांची, जाडजूड, अगदी शहाण्या मुलासारखी. ती संध्याकाळी पोस्टमनकाका नेणार होते. आयुष्यभर त्यांनी एका खांद्यावर टपालाची पिशवी वाहिली होती, आणि आता पाठीचं ऑपरेशन होऊन ते नुकतेच घरी आले होते. माप द्यायला आले तेव्हा चालताना त्यांचा डावा खांदा खाली झुकलेला तिने पाहिला होता.

डावाच खांदा, तिच्या मनात आलं.

तिला आपलं गाणं आठवलं. लहानपणी घरी पाहुणे आले की तिला गायला सांगत. ती गायची, सगळे टाळ्या वाजवायचे, बाबा तिला उचलून घ्यायचे. शाळेच्या कार्यक्रमात ती त्याच ऐटीत उभी राहिली आणि पहिल्या कडव्यालाच अख्खा हॉल हसला. घरी येऊन तिने विचारलं, मी बेसूर गाते का? बाबा म्हणाले, छे गं, त्यांना गाणं काय कळतंय. त्यानंतर ती कधी गायली नाही. तिचे लाड करणाऱ्या सगळ्यांनी तिला जन्मभर ‘जाऊ दे’ म्हटलं होतं. तिला कुणी कधी उसवलंच नव्हतं. आणि आज तिने आप्पांना तशाच टाळ्या वाजवल्या होत्या. तिला स्वतःची फार लाज वाटली.

तिने कात्री घेतली आणि गादीची कड धरली.

“अगं, काय चाललंय?” मावशी ओरडल्या.

“उसवतेय.”

“तोंडाने तर ‘जाऊ दे’ म्हणालीस!”

“चुकले, मावशी.”

मावशी मशीनवरून उठल्या. मग खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

“मला मदतीला बोलवू नकोस. माझा टाका आप्पांना अंधारातही ओळखू येतो. मी काही पाहिलं नाही, मला काही माहीत नाही.” थोड्या वेळाने त्या पुन्हा बोलल्या, “मुठीने दाबू नये कापूस. बोटांनी सुटा करावा. हे मी या भिंतीला सांगतेय हं.”

गुठळी सापडली. तिने ती दोन्ही हातांत धरली आणि एकेक पदर सोडवायला घेतला. एक पदर हातात येईपर्यंत दुसरा वर येत होता. एक गुठळी सुटी करावी तर शेजारी दुसरी हाताला लागे, तिच्या पलीकडे खळगा. तेव्हा तिने सगळाच कापूस बाहेर काढला आणि ती त्याच्या मधोमध बसली. दुपार कशी सरली ते तिला कळलं नाही. ऊन खिडकीतून आत येऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढलं. कापूस तिच्या केसांत, कानांत, ओठांवर बसला. आवाज सगळे दूर गेले, कुणीतरी कुठेतरी झोपलेलं आहे आणि त्याची झोप मोडू नये म्हणून सगळं जग हळू चाललं आहे असं तिला वाटत राहिलं. नखं तुटली, त्याचंही काही वाटलं नाही. आपण इतका वेळ एकच गोष्ट करत बसलो आहोत आणि कुणी आपल्याकडे बघत नाही, याचंच तिला नवल वाटत होतं, आणि बरंही.

थर लावून झाले. खोळ ओढून तिने दाभण घेतला. तो तिच्या बोटात दोनदा घुसला. तिने बोट तोंडात धरलं आणि पुढचा टाका घातला. शेवटचा दोरा तोडला, चपला काढल्या, केस एका बाजूला घेतले, आणि ती तशीच थांबली.

गादी तिने भरली होती. तिला पडता येणार नव्हतं.

भिंतीकडे बघणाऱ्या मावशी म्हणाल्या, “आता कसं!”

पायऱ्यांवर आवाज झाला. आप्पा पोस्टमनकाकांचा हात धरून त्यांना सावकाश वर आणत होते, मागून रिकामी हातगाडी खाली लावून धाकटा. छकुलीने हात पाठीमागे लपवले. डोक्यावरचा कापूस लपवायला तिच्याकडे काही नव्हतं.

आप्पांनी काकांना स्टुलावर बसवलं आणि ते गादीजवळ आले. सवयीने त्यांनी कडेवरून तळवा फिरवला. हात अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी चष्मा वर करून टाके पाहिले. एक लांब, एक आखूड, एक तिरका, आणि एका जागी निळ्या पट्टीवर रक्ताचा बारीक ठिपका. धाकट्यालाही ते दिसलं. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि त्याने छकुलीकडे असं पाहिलं की तिला वाटलं, संपलं सगळं.

“आप्पा, मी सकाळी खोटं...”

आप्पांनी हात वर करून तिला थांबवलं. चष्मा काढून धाकट्याच्या हातात दिला. मग एकेक करत चपला काढल्या, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले, आणि गादीवर आडवे झाले.

“आप्पा, तुम्ही कसे... ही तर तुम्ही...” धाकटा म्हणाला, आणि त्याची नजर पुन्हा त्या वाकड्या टाक्यांवर गेली.

आप्पांनी डोळे मिटले. कापूस वरून हळूहळू त्यांच्या पांढऱ्या मिशांवर उतरत होता. त्यांचा डावा खांदा हलला, स्थिरावला. मग उजवा. मग कंबर. बराच वेळ ते तसेच पडून राहिले, इतका की काकांनी मावशींकडे पाहून भुवया उंचावल्या, आणि आता वळून बसलेल्या मावशींनी त्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. छकुली हात पाठीमागेच धरून उभी होती. आजवर तिच्या एका शब्दासाठी सगळे थांबत. असं थांबणं कसं असतं हे तिला आज कळलं.

“उसव,” आप्पा म्हणाले.

धाकटा एक पाऊल पुढे आला, बहुतेक तिला धीर द्यायला. पण छकुलीच्या चेहऱ्यावर पसरत चाललेलं हसू पाहून तो जागीच राहिला. डोळे भरून आले होते तिचे, आणि ती हसत होती. एवढी मोठी होईपर्यंत तिला हा शब्द कुणी दिला नव्हता.

“काका, तुमची गादी उद्या मिळेल,” ती म्हणाली. “चालेल ना?”

“मला कुठे टपाल वाटायला जायचंय,” काका म्हणाले. “नीट करा.”

आप्पा उठून गादीच्या कडेला बसले. खोबणीतला आपला दाभण त्यांनी काढला, बोटांना लागत नसल्यामुळे डोळ्यांजवळ नेऊन टोक कुठलं ते पाहिलं, आणि टोक आपल्याकडे ठेवून तो तिच्यापुढे धरला.

“बोटं तुझी, डोकं माझं,” ते म्हणाले. “चालेल का, ते यालाही विचार.”

धाकट्याने मान डोलावली. छकुलीने दाभण घेतला.

“कुठून सुरू करू, आप्पा?”

आप्पांनी जरा सरकून तिला शेजारी जागा करून दिली.