शुद्ध हवेचं जंगल

आमच्या स्टेशनचे प्रमुख प्यो साहेब म्हणजे मान ताठ, बूट चकचकीत आणि डोक्यात भुसा. कोरियातल्या सोल शहराच्या पोटात सहा मजले खाली आमचा मेट्रोचा फलाट. पहाटेपासून चाकं रुळांवर घासतात, ब्रेक करकरतात आणि लोखंडाची काळी भुकटी फलाटावरच्या काचेच्या दारांच्या फटीतून आत येते. आम्ही सफाईवाल्या नाक शिंकरतो तेव्हा रुमाल काळा होतो. यावर साहेबांनी काय करावं? पंखे दुरुस्त नाही केले. भिंतभर कुंड्या टांगल्या आणि वर पाटी लावली: ‘शुद्ध हवेचं जंगल’.

ते जंगल पुसायचं काम मोक सुनरेकडे आलं. आमच्यात सगळ्यांत थोरली, त्रेसष्ट वर्षांची; मी तिला ताई म्हणते. रोज ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचं, नाहीतर दोन दिवसांत पानांवर काजळी धरायची. महिन्याभरात ताईला कोरडा खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब राहा, नाहीतर निदान चांगला मास्क लावा. तिनं लावला.

दुसऱ्याच दिवशी साहेब हजर. “आजी, शुद्ध हवेच्या जंगलासमोर मास्क? लोक काय म्हणतील?”

“लोक मास्क लावूनच फिरतात की, साहेब.”

“लोकांचं सोडा. तुम्ही आमचं माणूस.”

ताईनं खिशातून लोहचुंबक काढला. तळलेल्या कोंबडीच्या दुकानवाले जाहिरात म्हणून वाटतात ना, फ्रिजला चिकटवायचा, तसला. तो पानं पुसलेल्या फडक्यावरून फिरवला, तर त्याला काळी लव उभी राहिली.

“बघा. हे माझ्या छातीत जातंय.”

साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. “झाडांना लोह लागतंच,” म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या माणसाला थट्टा करण्याएवढीही अक्कल नव्हती.

जंगलाच्या रीतसर उद्घाटनाला शहराच्या नगरसेविका बाई आल्या, बरोबर सहा-सात जण. सरकत्या जिन्यावरून उतरताना सगळ्यांच्या तोंडाला जाडजूड मास्क. फोटोवाला म्हणाला, “हसा,” तसे सगळ्यांनी एकदम काढून खिशात घातले. साहेबांनी ताईलाही काढायला लावला आणि फडकं हातात देऊन कडेला उभं केलं. तेवढ्यात गाडी आली, दारं उघडली, वाऱ्याचा झोत आला आणि ताईला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना.

“जरा तिकडे जाऊन खोका!” साहेब दातओठ खाऊन कुजबुजले.

बाईंनी विचारलं, “सर्दी झालीये का, आजी?”

ताईनं सगळ्यांसमोर मास्क पुन्हा चढवला. “सर्दी नाही, बाई. तेवीस वर्षं ही धूळ खातेय. तुम्ही दहा मिनिटं खाल्लीत.”

बाईंनी मास्क लावला आणि लगबगीनं वर निघाल्या. त्यांच्यामागे बाकीचे. साहेब पंख्यासारखे हात हलवत त्यांच्यामागे धावले.

आठवड्यात ताईची बदली झाली. शिक्षा म्हणून शहराबाहेरच्या उघड्या स्टेशनवर, जिथे थंडीत बोटं आखडतात. साहेबांना वाटलं, म्हातारीची खोड मोडली. दोन महिन्यांनी मी तिला भेटायला गेले तर ती फलाटावर ऊन खात किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, खात बसली होती. खोकला निम्म्यावर आला होता. उरलेला जाणार नाही असं डॉक्टर म्हणाले, हे तिनंच सांगितलं, शेवटचा घास चावता चावता.

“रडू नकोस,” ती म्हणाली. “ते जंगल पुसायला आता कुणाला लावलंय?”

“मलाच.”

“मग मास्क काढू नकोस. ओरडला तर ओरडू दे.”

आता मी लावते. साहेब येतात, बघतात, घसा खाकरतात आणि पुढे जातात. गेल्या महिन्यात कुंड्यांतली निम्मी झाडं वाळली. साहेबांनी त्या जागी प्लास्टिकची मागवली आहेत.