भीमराजचा दात माझ्याकडे आहे

मी सॅक्सोफोन नाही. त्याच्या तोंडाशी बसणारा बोटभर माउथपीस बोलतोय. लोक बघतात ते पितळेकडे. ओठ टेकतात ते मला.

मी कडक रबराचा, काळा कुळकुळीत होतो. सांताक्रूझच्या हॉटेलातल्या एका म्हाताऱ्या वादकाने वाजवणं सोडताना मला भीमराजच्या हातात दिलं. भीमराज तेव्हा घाटकोपरच्या बँडबरोबर वरातीत वाजवायचा. पुढे तो जुहूच्या हॉटेलांत सोल नावाचं अमेरिकन संगीत वाजवू लागला आणि अंधेरीच्या स्टुडिओंत गाण्यांमधले तुकडे. गाणी गाजली, त्याचं नाव कुठे छापून आलं नाही. सोल म्हणजे काय, असं बायकोने, मीराने, विचारलं तेव्हा म्हणाला, "जयंतीला आपल्या विहारात बाया शेवटचा सूर ओढतात ना, तसंच गं."

वाजवताना त्याचे वरचे दात माझ्या पाठीवर टेकायचे. तीस वर्षांत तिथे दोन खाचा पडल्या. उजवी तिरकी, कारण तो दातच तिरका. बाकीचे वादक तिथे रबराची चकती चिकटवतात. याने कधी चिकटवली नाही.

एकदा मीराने मला चहाच्या गाळणीबरोबर उकळत्या पाण्यात धुतलं. माझा काळा रंग गेला, शेवाळी झालो. भीमराजने मला पुसून जागेवर ठेवलं. मीराच दोन दिवस हळहळत होती. काळं पॉलिश करून देतो, असं दुरुस्तीवाला म्हणाला, तर भीमराज म्हणाला, राहू दे.

तो उजवा दात हलतोय, डॉक्टरला दाखव, असं मीरा सारखी सांगायची. मागच्या वर्षी ती गेली. यंदा चिक्की खाताना दात हातात आला.

नेमका तेव्हाच, चार महिन्यांच्या खंडानंतर, रेकॉर्डिंगचा फोन आला. पंधरा दिवस हाताशी. फटीतून हवा सुटायची, सूर थरथरायचा. मुलुंडच्या डॉक्टर निधीकडून त्याने नवा दात बसवून घेतला. सरळ, देखणा. पण माझ्यावर टेकला की घसरायचा. नाहूरच्या घरी तो मला समोर ठेवून बसला. आता बास करू या, असं त्याच्या मनात आलं असावं. मग त्याचा अंगठा माझ्या तिरक्या खाचेत गेला आणि तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला डॉक्टरांच्या हातावर ठेवलं. "मॅडम, माझा जुना दात इथे आहे."

त्या आधी हसल्या. मग मला दिव्याखाली धरून बघतच राहिल्या. खाचेचा ठसा घेऊन त्यांनी तसाच तिरका दात घडवला आणि वाजवून बघा म्हणाल्या. सॅक्सोफोन घरी होता. भीमराजने सूर काढणारी वेताची पट्टी, रीड, बांधून नुसत्या मलाच फुंकलं. मी बदकासारखा ओरडलो. बाहेर नंबर लावून बसलेल्या एक आजी चपला घालून चालू लागल्या. भीमराज पोट धरून हसला. वर्षभरात पहिल्यांदाच.

गुरुवारी अंधेरीत रेकॉर्डिंगला दात खाचेत बसला, दाराला कडी बसावी तसा. शेवटचा सूर त्याने विहारातल्या बायांसारखा ओढला. काचेपलीकडून संगीतकार सिद्धेश म्हणाला, "झकास, सर. हाच ठेवतो."

भीमराजने मोठा श्वास सोडला. तो माझ्यातूनच गेला, पण आवाज झाला नाही.

आता मी रुमालावर वाळतोय. पुढेमागे दुसऱ्या कुणाच्या ओठी गेलो, तर एवढं करा. मला थंड पाण्यात धुवा. खाचा घासू नका. आणि हा शेवाळी रंग घालवू नका. तो मीराच्या हातचा आहे.