दर महिन्याच्या पाच तारखेचे दाते

शीलोच्या बाजारगल्लीत केस धुऊन देण्याचं दुकान चालवणारी लिआव चिन-ये म्हणजे चौकशीचं आगर. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, डोक्यावर फेस चढला, की हिचे प्रश्न सुरू. सून माहेरून परत आली का, शेत कितीला गेलं, जावयाला पगार किती. डोळ्यांत फेस जाईल म्हणून बायका जागच्या हलू शकत नसत, मग निमूट उत्तरं देत. चौसष्टाव्या वर्षी गावाची जेवढी माहिती तिच्याकडे होती, तेवढी नगरपालिकेच्या दप्तरातही नसेल.

म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या 'हिरवी सावली' या संस्थेचं पत्रक दर महिन्याला दुकानात येई आणि शेवटून वाचलं जाई. शेवटच्या चार पानांवर देणगीदारांची नावं, तारीख आणि रक्कम छापलेली असे. पहिल्या पानावरच्या म्हाताऱ्यांच्या फोटोंकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. आपलं नाव नीट आलंय ना आणि शेजारणीनं किती दिले, हे बघण्यातच खरी गोडी. चिन-ये दरमहा पाचशे तैवानी डॉलर देई. एकदा तिचं नाव राहून गेलं, तर ती दुकान उघडं टाकून संस्थेत गेली आणि पुढच्या अंकात छापण्याचं कबूल करून घेऊनच परतली.

ही संस्था तिनं पारखून घेतली होती. पलीकडच्या गावातल्या एका संस्थेचा प्रमुख लठ्ठ पगार उचलतो असं कळल्यावर तिथली देणगी तिनं त्याच दिवशी बंद केली. 'हिरवी सावली'च्या भिंतीवर मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, शंभरातले त्र्याण्णव थेट म्हाताऱ्यांसाठी. शिवाय तिचं या संस्थेवाचून अडतही होतं. तिचा थोरला भाऊ थिएन-सांग मागच्या गल्लीत एकटा राहायचा. लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली, तेव्हापासून संस्थेची मुलगी आठवड्यातून तीनदा येऊन त्याला आंघोळ घालायची. दादा तोंडाचा फटकळ. बहिणीच्या हातून आंघोळ त्याला नको होती आणि आधीच्या दोन सेविकांना त्यानं शिव्या घालून पळवून लावलं होतं. ही तिसरी टिकली. तिला सगळे आडनावानंच, शिआओ-हुआंग म्हणजे 'छोटी हुआंग' म्हणत. ती त्याला खुशाल दटावायची आणि तो चक्क ऐकायचा. ही पोरगी गेली तर दादाचं कसं होणार, हा विचारही चिन-येला सोसत नसे.

एका रिकाम्या दुपारी तिनं सहा महिन्यांची पत्रकं शेजारी शेजारी मांडली आणि तिला एक गंमत दिसली. दर महिन्याच्या पाच तारखेला तीच अकरा नावं. दहाजणांचे तीन-तीन हजार, एकाचे वीस हजार. ना एक महिना चुकलेला, ना एक डॉलर कमी-जास्त. आता शीलोसारख्या गावात महिन्याला वीस हजार देणारा माणूस आहे आणि चिन-येला त्याचा पत्ता नाही, म्हणजे नाक कापल्यासारखंच झालं की.

ती शोधाला लागली. सोया सॉसच्या कारखानदाराची बायको केस धुवायला आली, तेव्हा तिला खोदून विचारलं. तिनं कानावर हात ठेवले. औषधाच्या दुकानदाराला विचारलं, समुद्रदेवी माझूच्या देवळातल्या कारभाऱ्याला विचारलं. या नावांची माणसं कुणालाच ठाऊक नव्हती. एवढा धर्म करतात आणि गावात तोंड दाखवत नाहीत, असे कोण हे साधुसंत? एकदा भेटावं, फुकट केस धुऊन द्यावेत, असं तिला मनापासून वाटू लागलं.

उलगडा झाला तो दादाच्याच घरी. आंघोळ आटोपून शिआओ-हुआंग भेटीच्या कागदावर सही करत होती. चिन-ये सवयीनं तिच्या खांद्यावरून डोकावली. हुआंग यू-थुंग. यादीतलं चौथं नाव.

"तू दर महिन्याला तीन हजार देतेस?" तिनं विचारलं.

पोरीचा चेहरा उतरला. तिनं कागद घाईघाईनं पिशवीत कोंबला. पण गप्प बसलेल्याला बोलतं करणं हा तर चिन-येचा धंदाच. तिला दुकानात आणलं, खुर्चीत बसवलं आणि डोक्यावर भरपूर फेस चढवला.

फेसाखालून हळूहळू सगळं बाहेर आलं. पगार तेहेतीस हजार. कामावर घेतानाच एका कागदावर सही करून घेतात, की यातले तीन हजार दरमहा स्वखुशीनं संस्थेला देईन. पगार पाच तारखेला होतो, आणि त्याच दिवशी ते कापून जातात. ती अकराच्या अकरा नावं संस्थेच्या माणसांचीच होती.

"स्वखुशीनं नाही दिले तर?"

"तसं कुणी करून पाहिलेलं नाही, मावशी." मग ती खाली बघत म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. थायचुंगला चष्म्याच्या दुकानात काम मिळतंय. आजोबांना अजून सांगितलेलं नाही."

चिन-येचे हात थांबले. आधी तिला पोरीचा रागच आला. मग तिचे पैसे कापतात यावर नाही, ती जाणार यावर आपण चिडलो हे लक्षात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती संचालक शाओबाईंच्या टेबलासमोर जाऊन बसली. येताना मनात पक्कं होतं, की हे पैसे या बाईच गिळतात. सहा पत्रकं टेबलावर ठेवून ती म्हणाली, बाई, मला एकच सांगा, हे वीस हजार देणारं मोठं मन कुणाचं? शाओबाई थकलेलं हसल्या. ते नाव त्यांचंच होतं, माहेरच्या आडनावासकट छापलेलं. पगार सत्तर हजार, परत दिलेले वीस. घरात कमी पडे ते नवऱ्याच्या पेन्शनमधून भागे.

चिन-येचा सगळा आवेश गळाला. पण प्रश्न काही थांबेनात. मुळात द्यायचे कशाला आणि परत घ्यायचे कशाला? शाओबाईंनी न लपवता सांगितलं. सरकार अनुदान देतं ते पूर्ण पगार दाखवला तरच. आणि देणगीदारांना पूर्ण पगार दाखवला तर ते देणगी देत नाहीत. म्हणून सरकारला एक आकडा, आणि भिंतीवर रंगवायला परत आलेले पैसे वजा करून दुसरा. हे कायद्यात बसत नाही, हे त्यांना माहीत होतं. रात्री झोप लागत नाही, असंही त्या म्हणाल्या.

"मग सांगून का टाकत नाही लोकांना?"

"कुणाला सांगू, चिन-येताई? बारा वर्षांत आमची माणसं काय खातात, हे एकाही देणगीदारानं विचारलं नाही. शंभरातले किती पोचतात, एवढंच विचारतात. तुम्हीही तेच विचारलं होतंत. तेव्हा भिंतीवर आकडा नव्हता. मी ऐंशी म्हटलं, तर तुम्ही पाकीट परत पिशवीत घातलंत."

चिन-येला तो दिवस आठवत नव्हता. पण आपण तसंच केलं असणार, याची तिला खात्री होती. ती उठून आली आणि त्या दिवशी तिनं एकाही गिऱ्हाइकाला काही विचारलं नाही. बायकांना वाटलं, हिला बरं नाही.

वर्षअखेरीला देणगीदारांचं जेवण होतं. पंधरा गोल टेबलं, तांदळाच्या शेवया, कोंबडीचं सूप. सेविका वाढत होत्या. शाओबाईंचं आभाराचं भाषण संपलं तशी चिन-ये उभी राहिली आणि तिनं विचारलं, इथं वाढणाऱ्या या मुलींच्या हातात महिन्याला खरे किती पडतात? शाओबाईंनी माईक दोन्ही हातांनी धरला आणि खरं ते सांगून टाकलं, परतीचे पैसे, स्वतःचे सत्तर हजार, सगळं.

"सत्तर?" मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. "आम्ही म्हाताऱ्यांसाठी देतो, हिच्यासाठी नाही."

चिन-ये तिकडे वळून म्हणाली, की तुझ्या सासऱ्याला उचलून फिरवायला कोण येतं, मी का? पण तीन टेबलं सूप यायच्या आधीच उठून गेली.

नव्या वर्षापासून पैसे परत घेणं बंद झालं. भिंतीवरचा आकडा पुसून तिथं एकोणऐंशी लिहिलं गेलं. शिआओ-हुआंगनं थायचुंगला नकार कळवला. चिन-येनं त्या दिवशी दुकानात सगळ्यांना शेंगदाण्याचं गोड सूप पाजलं. मग संस्थेतून पत्र आलं. देणग्या घटल्यामुळे साठातल्या नऊ म्हाताऱ्यांची सेवा थांबवावी लागत होती. ज्यांचं जवळचं माणूस गावातच आहे, त्यांची नावं आधी. पहिलं नाव थिएन-सांगचं होतं.

तिनं पत्र दोनदा वाचलं. भांडायला जावं असं एकदा मनात आलं, पण नियम बरोबर होता, हे तिला कळत होतं. दादाला तिनं सरळ सांगून टाकलं, की आता मीच. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मग डावा हात पुढे केला.

पहिल्याच आंघोळीला घात झाला. तिनं गरम पाणी ओतलं, दादा काही बोलला नाही, म्हणून तिनं आणखी ओतलं. पाठ पुसताना पाहते तो उजवा खांदा लालभडक. त्या बाजूला त्याला भाजलेलं कळतच नव्हतं. भावाला पोळवलंस ना, असं ती स्वतःलाच म्हणत राहिली. गार पाण्याची फडकी ठेवता ठेवता तिला रडू फुटलं.

रविवारी सुट्टीच्या दिवशी तिनं शिआओ-हुआंगला बोलावलं आणि म्हणाली, मला शिकव. पोरगी लगेच बाह्या सारून तयार झाली.

"आधी सांग, तासाचे किती घेणार?"

"राहू द्या हो मावशी. आजोबा काय परके आहेत?"

"आकडा सांग."

शिआओ-हुआंग जरा अडखळली, मग मान वर करून म्हणाली, "चारशे."

चिन-येनं जन्मात कुणाशी घासाघीस केल्याशिवाय पैसे दिले नव्हते. तिनं दोन तासांचे आठशे मोजून पोरीच्या हातात ठेवले, आणि दोघी दादाच्या बादलीपाशी बसल्या.