वरून बोलावणं

रोस्कोने फोन कानाला लावला आणि खोलीतल्या सगळ्यांना डोळा मारला.

"रोस्को टिब्स ना? वरून बोलतोय. आमचा गार्ड खेळणारा जायबंदी झालाय. दहा दिवसांसाठी येशील? संध्याकाळचं विमान आहे."

"वरून म्हणजे स्वर्गातून का रे?" रोस्को ओरडला. "देवाला सांग, टिब्सला वेळ नाही! आणि तू मसणात जा!" वर दोन कचकचीत शिव्या हासडून त्याने फोन आदळला. पोरं हसून लोळायला लागली.

गॅल्टनच्या बास्केटबॉल संघात मोठ्या लीगला सगळे 'वर' म्हणत. इतक्या वर्षांत वर गेलेले बोटांवर मोजण्याइतके, म्हणून नव्या खेळाडूला वरचं खोटं बोलावणं धाडायची रीत पडली होती. ती पाडली रोस्कोनेच. गुरांच्या लिलावाच्या शेडमध्ये सामने होत आणि प्रेक्षकांपेक्षा शेणाचा वास जास्त असे, तेव्हापासून तो या संघात होता. मालक बदलले, संघाचं नावही दोनदा बदललं. बाकीच्यांची नावं सदऱ्यावर चिकटपट्टीने लावत. कोण कधी जाईल याचा नेम नसे. रोस्कोचं एकट्याचं शिवलेलं होतं.

येत्या रविवारी संघ बंद होणार होता. चौतिशीतल्या माणसाला त्यानंतर कोण विचारतंय? एकदाच वर खेळायचं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती बोलून दाखवायची त्याला लाज वाटे.

"लीव्हाय, लेका, आवाज तरी बदलायचास," तो डोळे पुसत म्हणाला. खोटा फोन करायला बाहेर तिकीटखिडकीपाशी नेहमी लीव्हायच जायचा.

"माझा आवाज?"

लीव्हाय कोपऱ्यात बसला होता, दोन्ही पाय बर्फाच्या बादलीत. रोस्कोने खोलीभर नजर फिरवली. सगळे इथेच होते. कोचसुद्धा.

फोन पुन्हा वाजला. रोस्को धावला, पण टायरी जवळ होता. मागच्या महिन्यात याच टायरीला रोस्कोने खोटं बोलावणं धाडलं होतं. पोराच्या आईने गल्लीभर सांगितलं, आणि तो बर्फात बस-थांब्यावर उभा असताना सगळा संघ गाडीतून भोंगा वाजवत त्याच्यासमोरून गेला होता.

"हो साहेब," टायरी म्हणाला. "शिव्या? हो, तोच. तो असाच आहे... मी? मीही गार्डच खेळतो. येतो, साहेब."

"दे इकडे!"

टायरीने फोन ठेवला. "वरून होता, आजोबा."

"पोरगं तयार झालं की रे!" लीव्हाय म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

टायरी बॅग भरू लागला. सदऱ्यावरची नावाची पट्टी त्याने एका झटक्यात काढली. रोस्को त्याच्याजवळ गेला.

"त्यांनी माझं नाव घेतलं होतं ना?" त्याने हळूच विचारलं.

"घेतलं होतं."

"मग?"

"मी त्या थांब्यावर उभा होतो," टायरी म्हणाला, "तेव्हा मलाही वाटलं होतं, माझं नाव घेतलंय."

त्याने बॅग खांद्याला लावली आणि तो बाहेर पडला. पोरांना नाटक भलतंच आवडलं होतं.

"गाडी काढ, म्हाताऱ्या!" लीव्हाय बादलीतून पाय काढत ओरडला. "चल, थांब्यावरून चक्कर मारू!"

गाडी रोस्कोची होती. सगळे दाटीवाटीने बसले. थांब्यावर टायरी एकटाच उभा होता, ताठ. पोरांनी काचा खाली करून आरडाओरडा सुरू केला.

"अरे, वाजव ना!" लीव्हायने रोस्कोच्या पाठीत गुद्दा घातला.

रोस्कोने भोंगा दाबला.