शुभंकरचा मळवट

माझ्या लेकीचं, ऋतिकाचं लग्न झालं त्या वर्षी, दोन हजार बावीस साली, हळदीच्या दुपारी माझा मुलगा शुभंकर एकदम ओरडला, "मांडव श्वास घेतोय! कुणी बोलू नका!"

बेंजोवाले थांबले. माझी बायको सत्यशीला पुढं झाली. दर मंगळवारी तिच्या अंगात देवी यायची; मार्केट यार्डामागच्या आमच्या हमालांच्या वस्तीत तिचा शब्द चालायचा. तिनं पोराच्या कपाळी मळवट भरला.

"आई आली. माझ्याकडनं ह्याच्याकडं आली."

त्याचा कॉलेजातला मित्र सलिल कोथरूडहून आला होता. त्यानं मला बाजूला घेतलं. "काका, देवीबिवी काही नाही. ट्रेकला आम्ही नशेचा कागद जिभेवर ठेवला होता. मी दुसऱ्या दिवशी नॉर्मल. हा महिनाभर असाच आहे. डॉक्टरकडे न्या, प्लीज."

"कागदानं नशा हुती व्हय?" मी हसलो. "मी साठीत वाचाय शिकलो, मला कशी नाय चढली?"

आठ महिने बाया मंगळवारी त्याच्यापुढं बसल्या. कुणाची सून नांदेल, कुणाचं पोर पास होईल. मीही विचारलं, "आई, गुडघा कधी बरा हुईल?"

एकदा त्यानं माझा हात घट्ट धरला. "पप्पा, मी देवी नाहीये. ते आवाज थांबतच नाहीत. मला भीती वाटते."

बाया बघत होत्या. मी हात सोडवून घेतला.

पुढच्या मंगळवारी त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं, तेव्हा दवाखान्यात नेलं. जखम पुसताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे कुंकू कशाला?"

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे त्याला जे ऐकू येतं, त्यालाच तुम्ही प्रश्न विचारत होतात?" त्यांनी कापूस खाली ठेवला. "त्या नशेनंतर सगळ्यांचं असं होत नाही. ह्याचं झालं. लवकर आणायचं होतं. आता गोळ्या बंद करू नका. किती बरा होईल, सांगता येत नाही."

त्यानंतर सत्यशीलाच्या अंगात कधी आलं नाही. पोराला तोंड उघडायला लावून, गोळी गिळली का, ते ती रोज बघायची.

आता मी बघतो. काल गोळी गिळून तो कोपऱ्याकडं बघत म्हणाला, "पप्पा, मम्मी सांगतीय..."

"काय सांगती?" असं विचारणं अगदी ओठावर आलं होतं.

"पाणी पी," मी म्हणालो.

सत्यशीला दोन हजार चोवीस साली, नवरात्राच्या तिसऱ्या माळेला, हृदय बंद पडून वारली. शुभंकर आहे.